दिव्यांग व्यक्तीसाठी घरात बदल कसे करून घ्यावेत

अपघात, पक्षाघात किंवा आजारपणानंतर रुग्ण घरी येणार असे कळले की बहुतेक कुटुंबे सर्वप्रथम गवंड्याला बोलावतात आणि कमोड, दोन दांडे व दाराशी एक उतार एवढे सांगून मोकळी होतात. असे केल्याने सांभाळणाऱ्याचे श्रम थोडे कमी होतात, पण ज्या व्यक्तीसाठी हे सगळे केले तिला प्रत्येक गोष्टीसाठी हाक मारावी लागते ती लागतेच. म्हणून या कामाची कसोटी आधीच ठरवून घ्यावी. बदल केल्यानंतर त्या व्यक्तीला कोणती कृती कोणालाही न बोलावता करता येऊ लागली, हीच ती कसोटी. जो खर्च या कसोटीला उतरत नाही, तो कितीही चांगल्या हेतूने केलेला असला तरी पुढे ढकलावा.

आधी दिवसाची नोंद, मग घराची मापे

एका पूर्ण दिवसाची, रात्र धरून, नोंद करावी. सकाळी अंथरुणातून उठण्यापासून रात्री कूस बदलण्यापर्यंत कुठे अडते आणि का अडते, हे लिहून काढावे. अडण्याची कारणे वेगवेगळी असतात: कधी जागा अपुरी असते, कधी उंची चुकीची असते, कधी हातात जोर नसतो, कधी दिसत नाही, तर कधी पडण्याची भीती असते. ‘बाथरूममध्ये जाता येत नाही’ या एका वाक्यामागे अरुंद दार असू शकते, उंच उंबरठा असू शकतो किंवा ओल्या फरशीची धास्ती असू शकते, आणि या तिन्हींवरचे उपाय पूर्णपणे निराळे आहेत. ही यादी शक्य तेथे त्या व्यक्तीनेच करावी. तिला बोलता येत नसेल तर खुणा, चित्रे किंवा होकार-नकार यांच्या आधाराने तिचे मत घ्यावे. घरच्यांनी तिच्या वतीने अंदाज बांधू नयेत.

या यादीतून अग्रक्रम ठरवताना माझे ठाम मत असे आहे की, शौचालय नेहमी पहिल्या क्रमांकावर ठेवावे. शौचाला जाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेली माणसे नकळत पाणी कमी पिऊ लागतात, आणि मज्जारज्जूला इजा झालेल्यांमध्ये त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुतखडे यांचा धोका वाढतो. त्यानंतर आंघोळ, पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर जाणे, घराबाहेर पडणे आणि स्वयंपाकघर असा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. ज्याला नोकरीवर जायचे आहे त्याच्यासाठी मात्र घराबाहेर पडणे आंघोळीच्याही आधी येऊ शकते.

या टप्प्यावर व्यावसायिक उपचारतज्ज्ञाचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, सल्ला घ्यावा. रोजच्या कृती माणसाला पुन्हा स्वतःच्या स्वतः करता याव्यात, हाच या शास्त्राचा विषय आहे. ज्यांच्या नावाने फलटणला बालभवन उभे आहे त्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात हे शिक्षण मिळते आहे. तरीही घरातील बदलांसाठी या तज्ज्ञांकडे जावे हे अजून फार थोड्या कुटुंबांना सुचते. मुंबई-नागपूरच्या मोठ्या शासकीय व महापालिका रुग्णालयांत, हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत, तसेच जिथे जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र चालू आहे तिथे चौकशी करावी. तज्ज्ञाला घरी येणे शक्य नसेल तर प्रत्येक खोलीची मापे, दारांची छायाचित्रे आणि ती व्यक्ती प्रत्यक्ष हालचाल करतानाचे चित्रीकरण घेऊन जावे, आणि सुचवलेले बदल मापांसह लेखी मागावेत. हा लेखी अहवाल पुढे सोसायटीच्या समितीपुढे आणि मदतीच्या अर्जासोबत उपयोगी पडतो.

तज्ज्ञाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: ही स्थिती सुधारणारी आहे, स्थिर आहे की वाढत जाणारी? पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बरीच सुधारणा होते, त्यामुळे त्या काळात भिंती फोडण्यापेक्षा सुटे, काढता येणारे साहित्य वापरणे शहाणपणाचे असते. स्नायूंच्या ऱ्हासाच्या आजारात याच्या उलट, आज माणूस चालत असला तरी काही वर्षांनी व्हीलचेअर लागणार हे धरूनच दारे रुंद करावीत. मुलांच्या बाबतीत तर उंचीशी संबंधित प्रत्येक वस्तू वरखाली सरकवता येईल अशीच बसवावी.

दारे आणि उंबरठे

हाताने चालवायची सर्वसाधारण व्हीलचेअर सुमारे ६५ सेंटीमीटर रुंद असते आणि चाके ढकलताना हातांची ढोपरे दोन्ही बाजूंना बाहेर येतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर असावी आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. आपल्याकडील सदनिकांत बाथरूमचे दार अनेकदा जेमतेम अडीच फुटांचे, म्हणजे ७५ सेंटीमीटरचे असते, आणि चौकट व पाखे (दाराची झडप) यांची जाडी वजा केली की प्रत्यक्ष वाट त्याहूनही कमी उरते. म्हणून मोजताना दार पूर्ण उघडून, पाख्यापासून समोरच्या चौकटीपर्यंतचे अंतर मोजावे.

चौकट फोडण्यापूर्वी स्वस्त मार्ग तपासावेत. पाखे काढून तिथे सरकते किंवा घडीचे दार बसवले की चार-पाच सेंटीमीटर मिळतात, आणि कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. घरात मोजकी माणसे असतील तर जाड पडदाही चालतो, पण एकांताचा प्रश्न त्या व्यक्तीला विचारूनच सोडवावा. बाथरूमचे दार आत उघडणारे असेल तर ते बाहेर उघडणारे किंवा सरकते करावे, कारण आत पडलेला माणूस दारालाच अडून राहिला तर मदतीला आलेल्यांना आत शिरता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी.

मुख्य दाराच्या उंबरठ्याबाबत घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध होतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण उंबरठ्याची पूजा होते, त्यावर हळदीकुंकू वाहिले जाते. यावर चांगला तोडगा असा की, उंबरठ्याचे लाकूड किंवा दगड काढून न टाकता फरशीच्या पातळीत खाली बसवून घ्यावा. उंबरठाही राहतो आणि चाकही अडत नाही. बाथरूमचा उंबरठा पाणी बाहेर येऊ नये म्हणून असतो. तो काढायचा तर फरशीला निचऱ्याच्या दिशेने नीट ढाळ द्यावा लागतो आणि दाराच्या रेषेत आतल्या बाजूला लांब जाळीची मोरी करावी लागते. सदनिकेत हे करताना जलरोधनाचा थर पुन्हा द्यावाच लागेल, नाहीतर खालच्या घरात गळती होऊन नवेच भांडण उभे राहील.

शौचालय आणि न्हाणीघर

इथे घाई करू नये. चार फूट बाय चार फुटांच्या शौचालयात व्हीलचेअर आत गेली तरी कमोडशेजारी उभी करायला जागा नसते. शेजारी-शेजारी असलेले शौचालय आणि न्हाणीघर यांमधली पातळ भिंत काढून एकच खोली करणे, हा सदनिकांतील सर्वांत उपयुक्त बदल आहे. भिंत भार पेलणारी नाही ना, हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. भिंत काढणे शक्य नसेल तर चाकांची कमोड खुर्ची वापरता येते. ती पलंगापाशी न्यायची, तिच्यावर बसायचे आणि ती सरळ कमोडवर सरकवायची, त्याच खुर्चीवर आंघोळही होते. लहान चाकांची खुर्ची दुसऱ्याने ढकलावी लागते, मोठ्या मागच्या चाकांची स्वतः चालवता येते पण तिला जागा जास्त लागते. कसोटी लक्षात ठेवली तर निवड सोपी होते.

कमोडची बैठक आणि व्हीलचेअरची बैठक, गादी धरून, एकाच उंचीवर असणे महत्त्वाचे. साधा कमोड सुमारे ४० सेंटीमीटर उंच असतो, तर मार्गदर्शक तत्त्वांत ४५ ते ४८ सेंटीमीटर सांगितले आहेत. भिंतीला टांगलेला कमोड हव्या त्या उंचीवर बसवता येतो; जुना कमोड असेल तर त्याखाली ओटा करावा किंवा वर उंच बैठक जोडावी. भारतीय पद्धतीचे भांडे काढायला घरातील इतरांची तयारी नसेल, तर भांड्यावर ठेवायची भक्कम खुर्चीही मिळते, मात्र तिचे पाय ओल्या फरशीवर सरकत नाहीत याची खात्री करून घ्यावी.

आधाराच्या दांड्यांविषयी तीन गोष्टी गवंडी सांगत नाहीत. पहिली, दांडा कुठे लावायचा हे शरीर ठरवते. पक्षाघातात एक बाजू गेली असेल तर दांडा चांगल्या हाताच्या बाजूला हवा. मज्जारज्जूच्या इजेत दोन्ही हात वापरून बाजूला सरकायचे असल्याने भिंतीच्या बाजूला पक्का आडवा दांडा आणि मोकळ्या बाजूला वर घडी होणारा दांडा लागतो. उंची बैठकीपासून साधारण २० ते २५ सेंटीमीटर वर धरून सुरुवात करावी आणि प्रत्यक्ष बसवून पाहून ठरवावी. दुसरी, दांडा मुठीत पूर्ण मावला पाहिजे आणि भिंत व दांडा यांत साधारण ४ ते ५ सेंटीमीटर अंतर हवे. टॉवेल अडकवायच्या दांडीला आधाराचा दांडा समजणे जिवावर बेतू शकते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, भिंत कशाची आहे हे पाहिले पाहिजे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत योग्य बोल्ट धरून राहतात, पण अलीकडच्या इमारतींतील हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लग माणसाच्या झटक्याने उपटून येतात. तिथे रासायनिक अँकर (चिकट रसायनाने भिंतीत पक्के धरणारे बोल्ट) वापरावेत किंवा भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्यावी. दांडा बसवल्यावर घरातील सर्वांत वजनदार माणसाने त्याला लोंबकळून पाहिल्याखेरीज गवंड्याचे पैसे चुकते करू नयेत.

फरशी खरखरीत, लहान तुकड्यांची आणि चकाकी नसलेली घ्यावी. हँडशॉवर, बसून हात पोहोचेल असा नळ आणि एका बोटाने किंवा मनगटाने फिरवता येणारी लांब मूठ या गोष्टी स्वस्त असून रोज उपयोगी पडतात. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना पाणी चटका देते आहे हे कळत नाही, म्हणून गिझरचे तापमान कमी ठेवावे, पाणी आधी हातावर घ्यायची सवय लावावी आणि गरम पाण्याचा उघडा पाइप पायाला लागेल असा ठेवू नये. न्हाणीघरातील वीजजोडणीवर वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच (आरसीसीबी) असावा. धोक्याच्या घंटेची दोरी जमिनीपासून हातभर अंतरावर आली पाहिजे, कारण मदतीची हाक बहुधा खाली पडल्यावरच मारावी लागते.

उरलेले घर

स्वयंपाकघरात ओट्याचा एकच भाग ७५ ते ८० सेंटीमीटर उंचीवर आणून त्याखालची जागा गुडघ्यांसाठी मोकळी ठेवली तर संपूर्ण ओटा तोडण्याची गरज उरत नाही. शेगडीची बटणे पुढच्या बाजूला असावीत आणि सिलिंडरची चावी बसल्या जागेवरून हाताला यावी. पलंगाची उंची खुर्चीइतकी करावी. विजेची बटणे जमिनीपासून साधारण ९० सेंटीमीटर ते एक मीटर उंचीवर आणावीत.

दृष्टी नसलेल्या किंवा कमी असलेल्या व्यक्तीसाठी तोडफोड फारशी लागत नाही. वस्तूंच्या जागा न बदलण्याची शिस्त, पायऱ्यांच्या कडांना भडक रंगाची पट्टी, अर्धवट उघडी न राहणारी कपाटे आणि पुरेसा, डोळ्यांवर न येणारा उजेड हेच खरे बदल आहेत. कर्णबधिर व्यक्तीसाठी दाराच्या घंटेला आणि धूरसूचकाला लुकलुकणारा दिवा जोडावा.

इमारतीची पायरी आणि सोसायटीची परवानगी

उताराचे गणित आधी करावे. प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्यांची ४५ सेंटीमीटर उंची चढायला ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. रुंदी किमान १ मीटर २० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, चाक घसरू नये म्हणून कडेला उंचवटा, आणि वर व खाली दीड मीटरची सपाट जागा हवी. अनेक इमारतींत पायरीवर लोखंडी पत्रा टाकून केलेला तीव्र उतार दिसतो; तो दुचाकी चढवायला ठीक आहे, व्हीलचेअर मागे उलटवायलाही तेवढाच पुरेसा आहे. जागा नसेल तर उतार वळवून घ्यावा किंवा खुर्चीसकट माणसाला वर नेणाऱ्या लहान उचल-फलाटाचा पर्याय पाहावा. काही जुन्या इमारतींत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या चौकात थांबते. तिथे उतारावर पैसे घालण्यापूर्वी त्याच इमारतीत तळमजल्यावर घर बदलून मिळते का, हे विचारणे अनेकदा अधिक व्यवहार्य असते.

घराच्या आतील बांधकामात बदल करण्यासाठी आणि सामाईक जागेतील कामासाठी गृहनिर्माण संस्थेच्या समितीकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. तोंडी बोलणी कितीही गोड झाली तरी कागद हवाच. अर्जाचा मजकूर साधारण असा असावा:

‘मा. सचिव, आपल्या संस्थेतील सदनिकेत मी राहत असून मला चालण्याचे दिव्यांगत्व आहे (प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे). प्रवेशद्वाराच्या तीन पायऱ्यांमुळे मला मदतीशिवाय इमारतीत ये-जा करता येत नाही. सोबतच्या नकाशाप्रमाणे एकास बारा प्रमाणाचा उतार डाव्या बाजूस करण्यास परवानगी मिळावी. या उतारामुळे अग्निशमनाची वाट व वाहनतळ अडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील समानतेच्या व भेदभाव न होण्याच्या हक्काकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कृपया समितीच्या पुढील सभेत निर्णय घेऊन लेखी कळवावे.’

अर्जात खर्च कोण करणार हे स्पष्ट करावे. संस्थेने करावा अशी विनंती अवश्य करावी, कारण उताराचा उपयोग म्हाताऱ्यांना, गरोदर स्त्रियांना आणि सामान वाहणाऱ्यांनाही होतो. नकार आलाच तर तो कारणांसह लेखी मागावा. त्यानंतर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे, तसेच पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार या कायद्याने दिले आहेत. तरीही शेजाऱ्यांशी आयुष्यभर राहायचे असते, म्हणून तक्रारीआधी समितीच्या दोन सदस्यांना प्रत्यक्ष बोलावून अडचण दाखवावी; नुसता नकाशा पाहून नकार देणारी माणसे प्रत्यक्ष पाहिल्यावर अनेकदा मन बदलतात.

भाड्याच्या घरात मालकाची लेखी संमती घ्यावी आणि शक्यतो काढून नेता येईल असेच साहित्य निवडावे: घडीचा उतार, सुटी कमोड खुर्ची, छत आणि जमीन यांमध्ये घट्ट बसणारा उभा खांब.

गावातील घरात प्रश्न वेगळे असतात. जोते उंच असते आणि शौचालय परसात असते. तिथे घराच्या दुरुस्तीपेक्षा मागच्या दारापासून शौचालयापर्यंतची वाट हे पहिले काम होय. किमान एक मीटर रुंदीची, पक्की, दिवा असलेली आणि एका बाजूला कठडा असलेली वाट करावी. कोकणात अंगणातील जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते, त्यामुळे उतार झाडूने ओरखडे काढलेल्या काँक्रीटचा असावा आणि शक्य तर त्यावर पत्र्याचे छप्पर असावे.

कागदपत्रे आणि पैसा

सर्व मदतीची सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून आणि दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रापासून (यूडीआयडी) होते. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्रे यांसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मदत मिळते. घरातील बांधकामासाठी मात्र सर्वांना लागू असा एकच दरवाजा नाही, आणि म्हणूनच एक कमी परिचित वाट सांगणे गरजेचे आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची आहे. ती कशावर खर्च करायची हे बऱ्याच अंशी स्थानिक पातळीवर ठरते. त्यामुळे ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायतीकडे, शहरात समाजकल्याण किंवा दिव्यांग कक्षाकडे, तज्ज्ञाचा अहवाल आणि गवंड्याचे अंदाजपत्रक जोडून लेखी मागणी करावी, आणि चालू वर्षात या निधीतून किती रक्कम शिल्लक आहे हेही लेखी विचारावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. नवे घर घेत असाल तर शासकीय गृहयोजनांत दिव्यांगांसाठी कायद्याने ५ टक्के आरक्षण आहे आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात तळमजला देण्यास प्राधान्य आहे. अर्ज करतानाच तशी नोंद करावी, वाटप झाल्यावर बदल मिळवणे कठीण जाते.

प्राप्तिकरात, १९६१ च्या कायद्यातील कलम ८०डीडी अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी आणि कलम ८०यू स्वतः दिव्यांग करदात्यासाठी होते. जुनी करप्रणाली निवडल्यास ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट त्यांत ठरली होती. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातील कलमांचे क्रमांक करसल्लागाराकडून तपासून घ्यावेत.

काम चालू असताना

दांडे, नळ आणि बटणे कायमची बसवण्यापूर्वी भिंतीवर खडूने खुणा करून त्या व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून, हात लांबवून पाहायला लावावे. दाराची नवी चौकट बसल्यावर प्लास्टरच्या आधी व्हीलचेअर आतबाहेर करून पाहावी. काम संपल्यावर महिन्याभराने दिवसाची तीच नोंद पुन्हा करावी आणि जिथे अजून हाक मारावी लागते तिथे दांडा हलवावा, उंची बदलावी किंवा तज्ज्ञाला पुन्हा विचारावे. या दुरुस्त्यांसाठी अंदाजपत्रकातील थोडी रक्कम सुरुवातीलाच बाजूला ठेवलेली असावी. दर सहा महिन्यांनी दांड्यांचे बोल्ट आवळून घ्यावेत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाहेरचा उतार घासून त्यावर धरलेले शेवाळ काढावे.